इंजिनियराने मातीत हात घालावा काय?

गेल्या वर्षी पालक-सभा आटोपून खुर्च्या उचलल्या जात असता एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलास पुढे घालून आमच्याकडे आले. मुलगा दहावीत शिकणारा. शाळेच्या विहिरीवरील पंप बंद पडला असता शिपायासोबत बसून ज्याने त्याचा कंडेन्सर बदलला व पाणी सुरू करून दिले, तोच हा विद्यार्थी. वडिलांची चार एकर कोरडवाहू जमीन, तीत कपाशी आणि थोडी तूर. मुलाने इंजिनियर व्हावे ही त्यांची इच्छा, आणि मुलाचीही तीच. मग तक्रार कसली? तर मुलाने घरी विचारले होते की, बियाण्याच्या कामात इंजिनियर लागतो काय? वडील आम्हांस म्हणाले, "सर, तुम्हीच समजवा याला. इंजिनियर व्हायचं अन् पुन्हा ढेकळंच तुडवायची, तर मी कर्ज काढून शिकवायचं कशाला?"

त्या दिवशी आमच्याने नीट उत्तर देववले नाही. काहीतरी मोघम बोलून आम्ही वेळ मारून नेली. पुढे कित्येक रात्री तो प्रश्न मनात घोळत राहिला. म्हणून हे चार शब्द लिहीत आहोत. ते त्या बापलेकांसाठी आहेत, तसेच अकरावीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या सर्व मुलामुलींच्या पालकांसाठीही आहेत.

दोष मुलांचा नाही आणि पालकांचाही नाही. आमच्या मते तो बराचसा आम्हां शिक्षकांचा आहे. आम्ही तरफ, कप्पी आणि विद्युतमंडल एका खोलीत शिकवितो, आणि बीज, मूळ व पेशी दुसऱ्या खोलीत. दोन्ही खोल्यांमध्ये भिंत आहे आणि दाराची सोय नाही. अकरावीत प्रवेश घेताना तर ती भिंत अधिकच उंच होते. इंजिनियर व्हावयाचे असेल तर जीवशास्त्र सोडून द्या, डॉक्टर व्हावयाचे असेल तर गणित सोडून द्या, असा उपदेश जो तो करीत सुटतो. दोन्ही विषय एकत्र घेता येतात, हे पुष्कळ पालकांस ठाऊकही नसते. ज्यांस ठाऊक असते तेही म्हणतात, नसता भार कशाला? आमचे म्हणणे असे की, हा भार उचलावा. आणि तो का उचलावा हे सांगण्यास एका कांद्याची हकीकत सांगणे भाग आहे.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात कॉर्नेल नावाचे विद्यापीठ आहे. तेथे १९८०च्या सुमारास जॉन सॅनफर्ड नावाचे वनस्पति-पैदासतज्ज्ञ काम करीत असत. वनस्पतीच्या पेशीत बाहेरचे जनुक कसे घालावे, हा त्यांच्यापुढील प्रश्न. वनस्पतीच्या पेशीस प्राण्याच्या पेशीप्रमाणे नुसते पातळ पटल नसते. त्याबाहेर एक टणक भिंत असते. जमिनीत राहणारा एक जीवाणू ही भिंत ओलांडून आपली जनुके झाडात सोडतो, हे तोपर्यंत कळून चुकले होते आणि त्याचा उपयोगही होऊ लागला होता. परंतु मका, गहू, भात या तृणधान्यांच्या बाबतीत त्या काळी हा जीवाणू दाद देत नव्हता. पुढे काही वर्षांनी तीही अडचण दूर झाली, ती गोष्ट निराळी.

सॅनफर्ड गेले ते एडवर्ड वुल्फ यांच्याकडे. हे विद्युत-अभियांत्रिकीचे प्राध्यापक. झाडांशी यांचा संबंध नव्हता. डोळ्यांस न दिसणाऱ्या, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान अशा आकृती सिलिकॉनच्या चकतीवर कोरण्याची जी प्रयोगशाळा त्या विद्यापीठात होती, तिचे हे प्रमुख होते. संगणकाचे भाग ज्या विद्येने घडतात ती त्यांची विद्या. सूक्ष्म वस्तू हाताळणाऱ्या मनुष्यास पेशीची भिंतही एक सूक्ष्म वस्तूच वाटावी, यात नवल नाही. दोघांनी मिळून जो विचार केला तो ऐकावयास अगदी पोरकट वाटतो: जनुक भिंतीतून शिरत नसेल, तर ते गोळीवर माखून बंदुकीने आत मारावे!

१९८३ सालच्या अखेरीस या दोन विद्वानांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने कांद्यांवर टंगस्टन धातूची पूड झाडण्यास आरंभ केला. कांदेच का, हे आमच्या नववीच्या मुलांस सांगावयास नको. कांद्याच्या पाकळीवरील पातळ पापुद्रा काढून त्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला आहे. त्या पेशी मोठ्या असतात, एका थरात पसरलेल्या असतात, आणि आत गोळी शिरली की नाही हे पाहणे सोपे जाते. पहिल्या प्रयोगांत कांद्याचा चेंदामेंदा झाला आणि खोलीभर वास पसरला. पण पुढे योग्य साधन बनविल्यावर असे दिसून आले की धातूचा कण पेशीत शिरतो, आणि तरीही पेशी जिवंत राहते. हे होईल असे त्यापूर्वी कोणी सहजासहजी मान्य केले नसते.

योग्य साधन कोणी बनविले? नेल्सन ॲलन यांनी. हे प्राध्यापक नव्हेत. त्याच प्रयोगशाळेच्या यंत्रशाळेतील कारागीर. अशा हकीकतींत कारागिराचे नाव बहुधा गाळले जाते, म्हणून आम्ही ते मुद्दाम लिहितो. त्यांच्या हातून घडलेल्या यंत्राची रचना पाहण्यासारखी आहे. दारूच्या स्फोटाने प्लॅस्टिकची एक लहानशी गोळी वेगाने सुटते. तिच्या तोंडावर जनुक माखलेले टंगस्टनचे कण असतात. वाटेत एक जाड तकट आडवे असते व त्यास मध्ये बारीक भोक असते. गोळी तकटावर आदळून तेथेच थांबते, परंतु कण त्या भोकातून तसेच पुढे धावत जाऊन पेशींत घुसतात. बैलगाडी एकाएकी थांबली असता गाडीवान पुढे कोलमडतो, तेच हे तत्त्व. जडत्वाचा नियम म्हणून तुम्ही तो पाठ केलेला आहे. कणाचा व्यास सुमारे चार मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा अडीचशेवा भाग. एवढा लहान कण हवेत फार दूर जाऊच शकत नाही, हवा त्यास अडविते; म्हणून पेटीतील हवा आधी काढून घ्यावी लागते. आणि टंगस्टनच का? तर तो अतिशय जड धातू आहे, त्यामुळे आकार लहान असूनही कणास जोर राहतो. पाहा, यांत भौतिकशास्त्राचे किती धडे आले, आणि लक्ष्य मात्र कांदा!

१९८७ साली 'नेचर' या प्रसिद्ध नियतकालिकात हा प्रयोग छापून आला. पुढे दारूच्या जागी दाबलेला हेलियम वायू आला, टंगस्टनच्या जागी सोने आले. वुल्फ आणि सॅनफर्ड यांनी काढलेल्या कंपनीकडील हक्क १९९० साली ड्यूपाँट कंपनीने विकत घेतले. ते मूळ यंत्र आज वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

आता या बंदुकीने कोणाचे काय भले केले, असे ते शेतकरी गृहस्थ विचारतील. आणि तसे त्यांनी विचारावेच. हवाई बेटांवर डेनिस गोन्साल्व्हिस नावाचे गृहस्थ जन्मले. नाव वाचून हे आपल्या वसईकडील असावेत असे वाटेल, पण ते तेथील उसाच्या मळ्यावर वाढलेले. ते वनस्पतींच्या रोगांचे अभ्यासक झाले आणि त्याच कॉर्नेल विद्यापीठात होते. पपईवर एक विषाणु-रोग पडतो. फळावर वाटोळी वलये उठतात, पाने झडून दोरीसारखी होतात आणि झाड खुंटते. खानदेशात आणि पुण्याच्या बाजूस पपई लावणाऱ्यांस हा रोग चांगलाच परिचयाचा आहे. हवाईची बहुतेक पपई ज्या पुना नावाच्या भागात होत असे, तेथे हा रोग अद्याप आलेला नव्हता. पण आज ना उद्या येणार हे गोन्साल्व्हिस यांनी ओळखले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या विषाणूच्याच आवरणाचे जनुक या बंदुकीच्या साहाय्याने पपईत घातले. ज्याप्रमाणे देवीची लस टोचल्याने देवी टळते, काहीसे त्याप्रमाणे ते झाड त्या विषाणूस दाद देईनासे झाले. १९९२ साली त्याची शेतातील चाचणी सुरू झाली, आणि त्याच वर्षी पुनामध्ये रोग शिरला! १९९८पर्यंत तेथील पीक जवळजवळ निम्म्यावर आले. त्याच १९९८ साली 'सनअप' व 'रेनबो' या नव्या जातींचे बी शेतकऱ्यांस फुकट वाटण्यात आले. संकट येण्यापूर्वी काम सुरू केले होते म्हणूनच ते वेळेवर हाती आले.

पण जनुक-बंदुकीसारखी गोष्ट ऐकून मुलांस असे वाटेल की शोधकाचे आयुष्य म्हणजे रोज दिवाळी. तसे मुळीच नाही. प्रयोगशाळेतील बहुतेक दिवस थेंब मोजण्यात जातात. हजार नळ्या, प्रत्येकीत नेमका तेवढाच थेंब, प्रत्येकीवर चिठ्ठी. आणि एक चिठ्ठी चुकली की सगळे मुसळ केरात. पूर्वी काचेची नळी तोंडाने ओढून द्रव घेत असत. त्यात जंतू किंवा विष घशात जाण्याचा धोका असे. १९५०नंतरच्या दशकात जर्मनीतील मारबुर्ग येथे हाइनरिख श्निट्गर नावाच्या तरुण डॉक्टरास या ओढाओढीचा इतका कंटाळा आला की त्याने अंगठ्याने दाबावयाची, दट्ट्याची पिचकारी बनविली. आज जगातील प्रत्येक प्रयोगशाळेत त्याच पिचकारीची वंशावळ नांदते आहे. कंटाळा हा सर्वस्वी दुर्गुण नव्हे, एवढे आमच्या विद्यार्थ्यांनी यातून घ्यावे. मात्र गृहपाठाच्या वेळी या वाक्याचा दाखला देऊ नये.

त्यानंतर यंत्रेच थेंब मोजू लागली. अमेरिकेत लेनर्ड स्केग्ज यांनी एकाच बारीक नळीतून एकामागून एक नमुने वाहते ठेवले आणि दोन नमुन्यांच्या मध्ये हवेचा बुडबुडा सोडला, जेणेकरून एकाचे दुसऱ्यात मिसळू नये. १९५७ साली ते यंत्र बाजारात आले. ते केले होते रक्त तपासण्यासाठी. पुढे माती, पाणी व खते तपासण्यासही ते उपयोगी पडले. माती तपासण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: आमच्या घरच्या तुकड्याची माती आम्ही एकदा एका तपासणी-केंद्रात दिली ती ज्येष्ठात, आणि उत्तराचा कागद आला तो दसऱ्यानंतर. त्या कागदावर खताचे प्रमाण सुबक अक्षरांत छापले होते. परंतु पेरणी तोपर्यंत थांबली नव्हती. तेथील माणसे आळशी होती असे आम्ही म्हणत नाही. नमुन्यांचे ढीग आणि मोजणारे हात यांचा मेळ नव्हता. हा मेळ बसविणे हेच तर इंजिनियराचे काम! पाऊस कोणासाठी थांबत नाही, म्हणून शेतीच्या प्रयोगशाळेत वेग ही चैन नव्हे.

याहून मौजेचे एक यंत्र सांगतो. अमेरिकेतील मोन्सँटो या बियाण्याच्या कंपनीने (आता ती २०१८पासून बायर कंपनीत विलीन झालेली आहे) दाणे तासणारे यंत्र तयार केले. नवी जात काढताना हजारो दाणे पेरावे लागत, रोपे वाढू द्यावी लागत, मग पाने तपासून त्यांतील बहुतेक रोपे उपटून टाकावी लागत. जमीन, पाणी आणि एक हंगाम, तिन्ही फुकट. आता यंत्र एकेक दाणा उचलते, तो नीट दिशेने धरते आणि पोटातील अंकुरास धक्का न लावता दाण्याचा एक कपचा काढते. कपचा एका थाळीच्या खणात पडतो, दाणा दुसऱ्या थाळीच्या त्याच क्रमांकाच्या खणात. कपच्याची जनुके तपासावयाची, आणि पसंत पडेल तेवढाच दाणा पेरावयाचा. हे यंत्र रचणाऱ्यास कॅमेरा, चाके व विद्युत यांचे ज्ञान हवे हे खरेच. पण दाण्यात अंकुर कोठे असतो हे ज्याने पाहिले नाही, तो इंजिनियर कितीही हुशार असला तरी पहिल्याच दिवशी हजार दाणे मारील. जीवशास्त्र सोडू नका असे आम्ही म्हणतो ते याकरिता.

येथवर लिहिले ते सर्व विद्येच्या बाजूचे झाले. पण आम्ही ज्या मुलुखात राहतो तेथे या विद्येची दुसरीही बाजू लोकांनी भोगलेली आहे, आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आमच्यापासून जालना फार दूर नाही. तेथे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाण्याची संस्था स्थापिली; १९९८ साली त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच संस्थेच्या द्वारे २००२ साली बीटी कपाशी या देशात आली, आणि २००६ साली दोन जनुकांची कपाशी आली. या दुसऱ्या कपाशीतील दुसरे जनुक सूक्ष्म कणांच्या माऱ्यानेच, म्हणजे त्या कांद्याच्या प्रयोगाच्या तत्त्वानेच, घातलेले होते. तेव्हा ज्या गृहस्थांनी आम्हांस प्रश्न विचारला, त्यांच्या चार एकरांत ती बंदूक केव्हाच येऊन गेली आहे. त्यांस फक्त कोणी सांगितले नव्हते.

पहिली वर्षे बरी गेली. फवारणी कमी झाली. पुढे गुलाबी बोंडअळीने या दोन्ही जनुकांवर मात केली आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात बोंडे आतून किडून गेली. असे का झाले? कारणे अनेक आहेत, पण एक आमच्या डोळ्यांसमोरचे आहे. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत साध्या कपाशीचे १२० ग्रॅमचे लहान पाकीट मिळत असे. ते शेताच्या कडेने पेरावयाचे, म्हणजे अळीस खावयास साधे झाड मिळे, आणि विष पचविणाऱ्या अळ्यांचीच तेवढी वीण वाढत नसे. किती शेतकऱ्यांनी ते पेरले? आमच्या ओळखीच्या घरांत ते पाकीट गोठ्याच्या वळचणीस खोचलेले आम्ही पाहिले आहे. त्यांस दोष देणे सोपे आहे. ज्याची चारच एकर जमीन आहे त्यास तुम्ही म्हणता, कडेच्या ओळी अळीसाठी सोड. आणि का सोड हे त्यास समजेल अशा शब्दांत सांगावयास कोणीही त्याच्या बांधावर जात नाही. जनुक नेमके ठिकाणी पोहोचविणारी बुद्धी पाकिटाचा उपयोग घरोघर पोहोचविताना कमी पडली. असली दोन बियाणी एकाच पिशवीत मिसळून द्यावी, ही साधी युक्ती मागाहून आली. शेतकऱ्याच्या घरी वाढलेला एखादा इंजिनियर त्या मंडळींत असता तर ती आधी सुचली असती, असे आमचे मत आहे. ते आम्ही सिद्ध करू शकत नाही, पण सोडणारही नाही.

आणखी एक गोष्ट. जालना व देऊळगाव राजाच्या परिसरात संकरित भाजीपाल्याच्या बियाण्याचे प्लॉट पुष्कळ आहेत. तेथे 'क्रॉसिंग'च्या हंगामात बाया दिवसभर वाकून कळ्या उकलतात, नखाने पुंकेसर खुडतात आणि दुसऱ्या झाडाचा पराग आणून लावतात. कपाशीतही तसेच: आदल्या दुपारी कळी सोलावयाची, दुसऱ्या सकाळी पराग लावावयाचा. देशाच्या काही भागांत या कामावर आमच्या सातवी-आठवीच्या मुलींएवढ्या मुली लावल्या जात, कारण त्यांची बोटे बारीक! दाणा तासणारे यंत्र झाले, थेंब मोजणारे यंत्र झाले. त्या कंबरेसाठी आणि त्या बोटांसाठी अद्याप कोणी फारसे काही केलेले नाही. यंत्र आले तर त्या बायांची मजुरी जाईल, ही भीतीही खोटी नाही. ती ज्यास ठाऊक आहे अशानेच तेथे काय बनवावे आणि काय बनवू नये हे ठरवावे. परक्या गावी बसून ते ठरत नाही.

पालकांपैकी कोणी म्हणेल, सर, हे सगळे ठीक, पण शिकावे कोठे? आपल्या राज्यातील चारही कृषि विद्यापीठांत, राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे, कृषि-अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. परभणी तर आपल्या अंगणातच आहे. या विषयाची पदवी आपल्या देशात प्रथम अलाहाबादेच्या कृषिसंस्थेने १९४२ साली सुरू केली, आणि तो विभाग उभा करणारे मेसन व्हॉ हे मिशनचे इंजिनियर होते. बैलाच्या ताकदीस झेपेल असा लोखंडी नांगर बनविण्यात त्यांनी पुष्कळ वर्षे घालविली. संगणक, विद्युत किंवा यंत्र, कोणत्याही शाखेचा इंजिनियर या कामात शिरू शकतो हेही खरे. मात्र पगार पहिल्या दिवसापासून पुण्यातील संगणक-कंपनीएवढा असेल असे आश्वासन आम्ही देत नाही. कर्ज काढणाऱ्या बापास हा हिशेब विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि त्यांच्या जागी आम्हीही तोच विचारला असता.

फेब्रुवारीत त्या मुलास आम्ही प्रयोगशाळेत बोलाविले. वडीलही तालुक्यास आले होते म्हणून सोबत आले. रात्रभर भिजविलेले मक्याचे दहा दाणे त्याच्यापुढे ठेवले आणि दाढीच्या पात्याने, अंकुर सांभाळून, प्रत्येकाचा एक कपचा काढावयास सांगितले. टोकदार बाजूस जो पांढुरका उभा डाग दिसतो तो अंकुर. कपचा काढावयाचा तो उलट्या, रुंद बाजूने. पाचव्या दिवशी ओल्या फडक्यात सात दाणे उगवले, तीन कुजले. कोणते तीन कुजतील हे मुलाने कापतानाच वहीत लिहून ठेवले होते, आणि तिन्ही बरोबर निघाले.

वडील ती वही बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून सरकीचे दोन दाणे काढले, एक नखाने फोडला आणि तळहातावर ठेवून आमच्यापुढे धरला. आत दुमडलेल्या दोन डाळिंब्या. मक्यासारखा पिठाचा मोकळा भाग कोठेच नाही. "सर, याचा कपचा कुठून काढायचा? हे तर सगळं कोंबच आहे." मुलगा वाकून पाहू लागला, आणि आम्ही दुसरा दाणा पाण्यात टाकला.